सुटलेला बाण आणि सोडलेला बाण

फार फार वर्षांपूर्वी जपानातल्या एका डोंगरी गावात धनुर्विद्येची एक नावाजलेली शाळा होती. तिथले गुरुजी ध्यानाला बसायचे, कमी बोलायचे आणि बोलले की सगळे माना डोलवायचे.

या गुरुजींना एक दुखणं जडलं होतं. तिरंदाजांना ते जडतं. दोरी पुरती ओढण्याआधीच, निशाण नजरेला पडताक्षणी, बोटं उघडतात आणि बाण निघून जातो. प्रामाणिक माणूस म्हणाला असता, "माझं काहीतरी बिघडलंय." गुरुजी म्हणाले, "माझं मन आता इतकं रिकामं झालंय की बाण थांबतच नाही. याला वीजबाण म्हणतात."

झालं! शिष्य तसंच करू लागले, शिष्यांचे शिष्यही. निशाण दिसलं की फट्! हाताला सवय होती, त्यामुळे बाण बऱ्याचदा लागायचेही. पांढऱ्या मिश्यांचे ज्येष्ठ बसल्या जागेवरून टाळ्या वाजवायचे, "वा, काय वीज!"

किनु नावाच्या मुलीलाही तिथे हेच दुखणं लागलं. फरक इतकाच, की तिने ते बोलून दाखवलं.

"गुरुजी, मी बाण सोडत नाही. तो माझ्या हातून निसटतो."

"मन रिकामं झालं की असंच होतं, पोरी."

"रिकामं कुठलं? लागेल की नाही या भीतीने ते गच्च भरलंय. बोटं मोकाट सुटलीत, एवढंच."

ज्येष्ठ भडकले. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं झक मारली?"

याचं उत्तर किनुने दिलं नाही, हे तिचे उपकार.

मग ठरलं. उत्सवाच्या दिवशी तिने सगळ्यांसमोर वीजबाण मारायचा, नाहीतर धनुष्य ठेवून कायमचं निघायचं. किनु हादरली. धनुष्याखेरीज तिला जगात काही नको होतं. पण ती रोज गवताच्या भाऱ्यासमोर उभी राहू लागली. दोरी पुरती ओढायची, सावकाश श्वास सोडायचा आणि बाण न सोडता दोरी हलकेच परत आणायची.

पोरं हसायची. "अगं, धनुष्य आहे ते, विहिरीचा रहाट नव्हे!"

उत्सवाचा दिवस आला. किनुने दोरी ओढली. बोटं शिवशिवली. तिने धनुष्य खाली आणलं.

"घाबरली!" ज्येष्ठ ओरडले.

"हो, घाबरले. म्हणूनच उतरवलं."

तिने पुन्हा ओढली आणि धरून ठेवली. एक ज्येष्ठ मुद्दाम खोकला. तिने धरूनच ठेवली. लागेल का, हा विचार आला, थोडा वेळ बसला आणि कंटाळून निघून गेला. मग तिने बाण सोडला, थेट मधोमध.

"उशीर फार केलास," गुरुजी म्हणाले. "हा वीजबाण नव्हे. निघ."

"निघते. आधी तुम्ही एकदा करून दाखवा, गुरुजी. पूर्ण ओढा आणि न सोडता खाली आणा. बस्."

"असले पोरखेळ मी करत नाही!"

"मग तर सोपंच आहे की."

सगळे बघत होते. गुरुजींनी धनुष्य उचललं. निशाण दिसलं आणि फट्! बाण नेमका मध्यावर.

ज्येष्ठांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग एकाचे हात थांबले. मग दुसऱ्याचे. सोडायचा तर नव्हताच!

गुरुजी लालबुंद झाले. "लागला ना पण?"

"लागला. पण तुम्ही मारला कुठे? तो तर तुम्हाला न विचारताच गेला."

तेवढ्यात सगळ्यात जुना शिष्य उठला आणि मोठ्याने म्हणाला, "मलाही धरता येत नाही. कधीच आलं नाही."

"मलाही!" मागून आवाज आला. मग आणखी एक. हातात धनुष्यं घेऊन सगळे किनुभोवती जमले. तिला काढून टाकायचं कुणाच्या डोक्यातही उरलं नाही.

"या," किनु म्हणाली, "ओढा. सोडू नका."

संध्याकाळपर्यंत त्या मैदानावर निशाणाला लागलेल्या बाणाचं कुणी कौतुक केलं नाही. पण कुणाचं धनुष्य बाणासकट शांतपणे खाली आलं, की असा जल्लोष व्हायचा की पलीकडच्या डोंगरावर ऐकू जावा.

तात्पर्य, स्पष्टच सांगायचं तर: ज्याला थांबता येतं, त्याचंच सोडणं खरं, आणि मोठ्यांनी आपल्या दुखण्याला परंपरा म्हटलं, तरी ते दुखणंच असतं.