शेवटचे प्रकरण

एका नगरातल्या जुन्या ग्रंथालयात एकदा एक शिष्य वृद्ध ग्रंथपालांच्या हाताखाली काम शिकत होता. वर्षानुवर्षे कोणी न मागितलेली पुस्तके रद्दीत काढायची, असा तिथला नियम. त्या वर्षी पाळी आली एका विस्मृतीत गेलेल्या रहस्यकथाकाराच्या कादंबऱ्यांची. शिष्य गठ्ठा बांधू लागला, तेव्हा गुरूंनी त्यातले एक पुस्तक उचलले, शिवण उसवून शेवटचे प्रकरण काढून घेतले आणि उरलेले त्याच्या हाती ठेवले. "टाकायचंच आहे, तर निदान वाचून टाक."

पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या गुरूंनी असे करावे, याचे शिष्याला वाईट वाटले. पण वाचायला बसला आणि जेवणाचेही भान राहिले नाही. सकाळी तो धावतच आला. "गुरुजी, नाटक कंपनीच्या मालकाला विष कोणी घातलं? पानं द्या ना."

"मला काय विचारतोस? लिहिणारा नदीपलीकडे राहतो. त्याला विचार."

लेखक हयात आहे, हेच शिष्याला ठाऊक नव्हते. तो लगेच नदी ओलांडून त्याच्या घरी गेला. ओसरीवर बसलेल्या त्या म्हाताऱ्याने प्रश्न ऐकला आणि त्याचे डोळे भरून आले. मग तो ओशाळून हसला. "खरं सांगू बाळ? मलाच आठवत नाही. घरात एक प्रतसुद्धा उरली नाही. तुला कोणाचा संशय येतो?"

दोघांनी दुपारपर्यंत खल केला. म्हातारा पैजेवर आला, की खुनी कंपनीतला पेटीवालाच.

शिष्य खाली मान घालून परतला. "गुरुजी, आपण ती पानं रद्दीत घालणार होतो. मग खुनी कोण, हे जगात कोणालाच कळलं नसतं."

गुरूंनी पाने आणि सुईदोरा पुढे केला. "त्याच्या कथांत परक्या मेलेल्या माणसासाठीसुद्धा शोध घेणारा कोणीतरी येतोच. हा स्वतः जिवंत असून याच्या शोधात कोणी गेलं नाही. मी गेलो असतो, तर त्याला ती दया वाटली असती. बाबा रे, सगळी सोंगं आणता येतात, उत्सुकतेचं आणता येत नाही. ती तुला खरीच लागायला हवी होती."

शिष्याने आधी गठ्ठ्याची सुतळी सोडून पुस्तके फळीवर लावली. मग पाने घेऊन तो पुन्हा नदीपलीकडे गेला आणि शेवट वाचून दाखवला. विष घालणारा निघाला रंगपटात नटांची तोंडे रंगवणारा वृद्ध रंगारी.

म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. "फसवलं की मला," तो अगदी समाधानाने म्हणाला. आणि शिष्य उठू लागताच हळूच पुढे म्हणाला, "उद्या दुसरी कादंबरी आण. शेवट मात्र आधी वाचू नकोस."