योनाबाबाने नेलेलं दार

फार वर्षांपूर्वी, गोदेवर पूल नव्हता आणि आमच्यासारख्यांच्या थापा कुणी तपासत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

सोनकुंड गावात, नदीच्या काठावर ख्रिस्ती मंडळींचं देऊळ होतं, आणि त्या मंडळीत योनाबाबा शेलार नावाचा नावाडी होता. त्याने हाक मारली की नदीतले मासे वळून बघायचे, असं म्हणतात. मी पाहिलं नाही. माझ्या चुलत्याने पाहिलं, आणि तो माझ्याहून कमी खोटं बोलायचा.

समोरच्या बेटावर भिल्लांची वस्ती होती. त्यांनी पाटलाची वेठ नाकारली. पाटलाने दवंडी पिटली की यांना कुणी थारा द्यायचा नाही, आणि योनाची नाव फोडून टाकली. त्याच पावसात पूर आला.

देऊळ पाटलाच्या जागेवर उभं होतं. पंचमंडळी बसली. पाळकसाहेब म्हणाले, गावच्या राजकारणात आपण पडायला नको, आपण उपास-प्रार्थना करू. आणि केली हो! रविवारी सकाळपासून सगळे गुडघ्यांवर. बेटावरच्या बिचाऱ्यांसाठी आमची माणसं इतकी रडली की त्या पुरातलं निम्मं पाणी आमचंच होतं, असं म्हणतात.

योना मध्येच उठला.

"पाळकसाहेब, मला देवळाचं दार हवंय."

"प्रार्थना होऊ दे, योना."

"झाली की. देवाने ऐकली. मला पाठवतोय तो."

सागवानी दार ते, बसवताना गड्यांच्या कंबरा मोडल्या होत्या. योनाने दोन्ही फळ्या उशीसारख्या काखेत मारल्या, एकमेकींना बांधल्या आणि पुरात लोटल्या. बेटावरची माणसं चढत गेली तसं ते दार रुंद होत गेलं, असं म्हणतात. फक्त वस्तीतली म्हातारी झिंगीआजी मागे राहिली. ती शेळीला सोडून यायला तयार नव्हती. योना म्हणाला, पोरांना पोचवतो आणि शेळीसकट तुला न्यायला येतो.

भिजलेली माणसं देवळाशी आली. दार नव्हतं, पण दारात आम्ही होतो. आमचेच पणजे-पणज्या, खांद्याला खांदा लावून. पाटील बघतोय, कुणीतरी पुटपुटलं. कडेवरची पोरं काळीनिळी पडत होती, तरी कुणी हललं नाही. त्यांना तसं टाकून योनाचा पाय निघेना.

"सकाळपासून ज्यांच्यासाठी रडताय, ती ही माणसं," तो म्हणाला. "एकाचं तरी नाव सांगा."

कुणालाच सांगता येईना. पाळकसाहेब मान खाली घालून बाजूला झाले, मग एकेक जण सरकला. योना धावत माघारी गेला.

पण तेवढ्या वेळात नदीने बेट खाल्लं होतं. झिंगीआजी दिसली नाही. दार परत आलं नाही, योनाही आला नाही. त्याला माशाने गिळून खालच्या गावी जिवंत सोडलं, असं म्हणतात. नाव बायबलातल्या, माशाने गिळलेल्या योनाचं, तेव्हा लोक दुसरं काय म्हणणार? आजीचं काय झालं, ते मात्र कुणी म्हणत नाही.

देवळाला आजही दार नाही. आणि ज्याचं नाव ठाऊक नाही, त्याच्यासाठी तिथे प्रार्थना करत नाहीत. नवा पाळक येतो, त्याला हे माहीत नसतं. तो डोळे मिटून गोरगरिबांसाठी मागणं सुरू करतो, तेवढ्यात मागून एखादी म्हातारी विचारते, "कोण ते, पाळकसाहेब?"

तो डोळे उघडतो. सगळे खाली बघत असतात. योनाबाबाचं नाव घेऊन प्रार्थना तिथेच थांबवतात, माणसं चपला घालतात आणि त्या गोरगरिबांची नावं विचारून यायला निघतात.