बंद खोलीतली तहान

सीना नदीच्या काठी बोरसांगवी नावाचे एक गाव आहे. तिथल्या भवानीच्या देवळात श्रीसखानंद महाराजांचा पुष्कळ वर्षे मुक्काम होता. महाराजांच्या लीला ऐकताना आपण हसतो, टाळ्या वाजवतो. आजची लीला तशी नाही. ऐकणाऱ्या मायबहिणींनी डोळ्यांना पदर लावायला संकोचू नये.

मानमोडीच्या साथीचे ते दिवस होते. सकाळी अंग मोडून यावे, दुपारी ताप फणफणावा आणि दोन दिवसांत धडधाकट माणूस जमिनीला पाठ लावून पडावा, असा तो आजार. पुरुष पडला की त्याच्या उशाशी आई बसे, बायको बसे, बहीण बसे. बाई पडली की उशाशी बसायला कोणी उरतच नसे. ती तशीच उठून भाकऱ्या थापी आणि चुलीपुढेच कलंडे. त्यातही सगळ्यांत वाईट गत झाली ती पोटुशा बायकांची आणि ओल्या बाळंतिणींची. ज्या घरात पाळणा बांधायचा, तिथे तिरडी बांधू लागले.

महाराज खांदा देऊन देऊन खचले होते. सरणाला लाकूड मिळेना, तेव्हा त्यांनी देवळाची पडवी मोडून लाकडे नदीवर पाठवली. कोणी म्हणाले, "महाराज, देवीला सांगा ना!" तेव्हा महाराज म्हणाले, "रोज सांगतो बाबा. उत्तर येत नाही." संतांच्या तोंडून असे शब्द ऐकून गावाची होती नव्हती ती आशाही गळाली.

या गावात ठकूबाई नावाची एक कोळ्याची विधवा होती. देवळात आणि देशमुखांच्या घरी पाणी भरायचे, आणि उरला वेळ महाराजांच्या पायाशी बसून नाम घ्यायचे, एवढेच तिचे जगणे. देशमुखांच्या घरात सगुणाबाईंचा शब्द चाले. बाई कर्तबगार होत्या, पण स्वभावाने महातापट! देवधर्म करायच्या, मात्र देवानेही आपल्याला विचारून वागावे असा त्यांचा खाक्या. गावातल्या कितीतरी बाळंतपणांत त्या उभ्या राहिल्या होत्या. शेक, शेगडी, धुरी, खोलीला वारा लागू द्यायचा नाही आणि बाळंतिणीला पाणी द्यायचे नाही, हे त्यांचे नियम. पाणी दिले की बाळंतिणीचे अंग धरते, सूज चढते, असे त्यांच्या आईने सांगितले होते, आईला तिच्या आईने.

त्यांची एकुलती लेक येसू बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ती बाळंत झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिला मानमोडीने गाठले. तापाने ती फणफणली. बंद दाराआडून ती पाणी मागू लागली. घागर घेऊन आलेल्या ठकूबाईला ते ऐकवेना.

"आईसाहेब, घोटभर द्या वो पोरीला. घशाला कोरड पडलीया तिच्या."

"तू मला बाळंतपण शिकवणार? घागर ओत आणि चालती हो!"

शेजारपाजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवसापासून ठकूबाईचे नावच 'वैद्यीणबाई' पडले. तरी ठकूबाई त्या कुलूपबंद दाराशी उभी राही; येसू मात्र पाणी पाणी करत गेली. तिच्या मागोमाग तिचे तान्हेही गेले. सगुणाबाईंच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही. लेकीला वाहून नेल्यावर त्यांनी खोली सारवून घेतली, कारण सून सुंद्राचे दिवस भरत आले होते.

सुंद्रा त्याच खोलीत बाळंत झाली. मुलगा झाला. आणि काय सांगावे! तिसऱ्या दिवशी तिलाही ताप भरला. तेच दार, तीच शेगडी आणि आतून तोच शब्द, "पाणी."

ठकूबाईने या वेळी घागर खाली ठेवली आणि सगुणाबाईंचे पायच धरले. "आईसाहेब, येकदा झालं ते झालं. हिला तरी द्या."

सगुणाबाईंनी घागर पायाने लोटून दिली. अंगणभर पाणी झाले. "पोटच्या पोरीला दिलं नाही मी!" त्या ओरडल्या. "आता हिला देऊ? आणि ही जगली तर?"

एवढे बोलून त्या एकाएकी थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांचे त्यांनाच कळले असावे. मग त्यांनी तान्ह्याला दाईकडे दिले, खोलीला कुलूप घातले, किल्ली कमरेला खोचली आणि देवीची ओटी भरायला म्हणून घराबाहेर पडल्या. बायांनो, त्यांना नावे ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबा. पाण्याने सून वाचली असती, तर लेक कशाने मेली हे त्या माउलीला उमगले असते. त्यापेक्षा तिला सून मेलेली परवडत होती. दुःख माणसाला इतके निर्दय करते.

ठकूबाई रडत देवळात आली. महाराज पायरीवर बसले होते. तिने सगळे सांगितले आणि म्हणाली, "दाराला कुलूप हाय महाराज. कुठनं पाजू?"

महाराजांनी देवळातली भरली घागर पुढे ओढली. मग म्हणाले, "मला पाज."

"तुमाला?"

"तिच्या नावाने ओत. पोचलं तर तिचं दैव. मला काही ठाऊक नाही, ठकू. पण हात जोडून बसवत नाही आता."

त्यांनी ओंजळ धरली. ठकूबाई "सुंद्राबाई, पी माय" म्हणत ओतू लागली आणि महाराज पिऊ लागले. घागर रिती झाली. ती नदीवर धावली, दुसरी आणली. तीही रिती झाली. महाराजांची ओंजळ तशीच पुढे! चार लोक जमले. तेवढ्यात ओटीचे ताट घेऊन सगुणाबाई आल्या. काय चालले आहे ते कळताच त्या हसल्या. ते हसणे ऐकवत नव्हते.

"वा गं वैद्यीणबाई! पाणी बुवांनी प्यायचं आणि तहान माझ्या सुनेची भागायची? मग मीही उद्यापासून दोन्ही वेळा जेवते, तुझं पोट भरेल!"

ठकूबाईने धार तुटू दिली नाही. महाराजांनी मान वर केली नाही. त्यांच्या अंगातून मात्र वाफ निघावी तसा ताप जाणवू लागला. पाणी पिता पिताच त्यांचे ओठ सुकत गेले, त्यांना भेगा पडल्या. हे उलटे नवल पाहून लोकांचे हसू विरले.

इतक्यात देशमुखांकडची दाई धापा टाकत आली. "आईसाहेब, चला! खोलीतला आवाज बंद झालाय!"

सगुणाबाईंच्या हातातले ताट पडले. त्या घरी धावल्या. किल्ली कुलपात जाईना. सून संपली असणार, या धास्तीने त्यांनी दार ढकलले.

सुंद्रा शांत पडली होती. कपाळावर घाम होता, ताप उतरला होता. हनुवटी, गळा, उशी, सगळे ओलेचिंब. खोलीत मात्र पाण्याचे भांडे नव्हते.

"कोणी दिलं पाणी?" सगुणाबाईंनी विचारले.

सुंद्राने डोळे उघडले. "वन्सं आल्या होत्या, आत्याबाई."

"कोण?"

"येसूवन्सं. ओंजळीनं पाजत होत्या. मी पुरे म्हटलं, तर म्हणाल्या, पी गं, मला मिळालं नव्हतं."

सगुणाबाई भिंतीला धरून खाली बसल्या. लेक गेल्यापासून अडलेले रडे तेव्हा कुठे फुटले. ते ऐकून गल्लीतली माणसे दारे लावून घेऊ लागली.

पुष्कळ वेळाने त्या देवळात आल्या. महाराज पायरीला टेकून निपचित पडले होते. सुंद्राचा ताप त्यांनी अंगावर घेतला होता. त्यातून महाराज पुढे उठले, पण गावातल्या कितीतरी बायका उठल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. सगुणाबाई पायांवर डोके ठेवायला वाकल्या, तेव्हा महाराजांनी पाय मागे घेतले आणि बोटाने ठकूबाईकडे दाखवले.

देशमुखीण पाणी भरणाऱ्या बाईसमोर गुडघ्यांवर बसली. "तू माझ्या येसूच्या दाराशी उभी होतीस," त्या म्हणाल्या. "मला ऐकवेना म्हणून मी आतल्या घरात जाऊन बसले होते. शेवटी ती काय म्हणत होती गं?"

ठकूबाईने घाबरून महाराजांकडे पाहिले.

महाराज म्हणाले, "खरं ते सांग."

"आदी पाणीच मागत व्हती, आईसाहेब. मग मागायची थांबली. मी म्हनलं, आईला हाक मारू का? तर म्हनली, नको. नाही म्हणताना तिचा जीव तुटतो."

सगुणाबाईंनी ठकूबाईच्या चिखलाने भरलेल्या पावलांवर कपाळ टेकले. ठकूबाई त्यांना उठवायला वाकली, पण त्या उठल्या नाहीत.