चुलीच्या काठावरची आमसुलं

एका खाडीच्या तोंडाशी मासेमारी करणाऱ्या गाबितांचं एक गाव होतं, आणि त्या गावात जिवा तांडेल नावाचा एक खलाशी राहायचा. तरुणपणी तो मोठ्या जहाजावर नोकरीला होता. एका सफरीवरून परतताना तो चक्क बायको घेऊन आला, तीही सातासमुद्रापलीकडच्या क्युबा बेटावरची. तिचं नाव कारिदाद. गावाने तिला करीबाय करून टाकलं, आणि तीही करीबाय होऊन राहिली. लुगडं नेसायला शिकली, माशाचं कालवण करायला शिकली, विहिरीवर भांडायलासुद्धा शिकली.

रविवारी मात्र चूल तिची. त्या दिवशी ती आपल्या बेटावरचं जेवण रांधायची. परसात लावलेल्या काळ्या घेवड्याचं दाट कालवण, पांढरा भात, आणि कच्च्या केळ्याचे तुकडे. ते तुकडे एकदा तळायचे, पाट्यावर वरवंट्याने चेपायचे आणि पुन्हा तळायचे. चुलीमागच्या फळीवर काचेचा एक पेला काठोकाठ पाण्याने भरलेला असायचा. त्या पाण्याला घरात कोणी हात लावत नसे. करीबाय म्हणायची, "माझी गेलेली माणसं लांबून येतात. तहानलेली असतात."

तिची सून सगुणा. हाताला चव होती तिच्या, आणि ती असल्याचं तिला जरा जास्तच ठाऊक होतं. रविवार आला की करीबाय हाक मारायची, "ये ग, बस इथे. बघ तरी." सगुणा म्हणायची, "मला कामं आहेत, सासूबाई." कामं कसली आलीत? ज्यात खोबरं नाही, तिखट नाही, त्याला कालवण म्हणायला तिचं मन घेत नव्हतं, एवढंच. नाक मुरडून ती मागच्या दारी जाऊन बसायची, आणि करीबाय एकटीच ढवळत राहायची.

पुढे एका हिवाळ्यात करीबाय गेली. दिवसकार्य उरकलं तशी सगुणाने फळीवरचा पेला काढला. "मेलेल्यांना कसली तहान," म्हणत तिने पाणी ओतून दिलं, पेला पुसला आणि त्यात आमसुलं भरून ठेवली. हाताशी होता ना चांगला. नवरा होडीवर लांब मासेमारीला गेला. जाताना तो एवढंच म्हणाला, "बाबांना सांभाळ. मी येईन तेव्हा मला ते दिसायला हवेत."

आणि इकडे जिवा तांडेलाने अन्न सोडलं. रागाने नव्हे हो, हट्टाने तर नव्हेच. घास तोंडात घेतला की तो तसाच बसून राहायचा आणि मग हळूच ताटाच्या कडेला ठेवून द्यायचा. वैद्य येऊन गेला. दारात थांबून तो सगुणाला म्हणाला, "पोटात अन्न गेलं नाही तर औषध कशावर देऊ? म्हातारा फार दिवस काढायचा नाही." तिने सासऱ्याला विचारलं, "मामंजी, काय करून घालू?"

"तिचा काळा घेवडा," म्हातारा म्हणाला. "आणि भात."

"मग करते की. सासूबाईंनी मला सगळं शिकवलंय."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. "शिकवलं?"

"हो," सगुणा म्हणाली. झालं, खोटं बोलून गेली.

तिने घेवडा भिजवला. भिजवणीचं काळं पाणी माडाच्या आळ्यात ओतलं, नवं पाणी घातलं आणि आधीच कांद्याची फोडणी करून मडकं चुलीवर चढवलं. आंबटाशिवाय कालवण कसलं? पेल्यातली मूठभर आमसुलं तिने वर टाकली आणि लाकडं आणायला परसात गेली. टळटळीत दुपार होती. वारा पडला होता, माडाची झापही हलत नव्हती.

परत आली तर मडक्यावर झाकण नीट होतं. पण चुलीच्या काठावर आमसुलं ओळीने मांडून ठेवली होती. ओली, वाफाळती.

घरात दुसरं कोण होतं? म्हातारा, आणि त्याला तर कूस बदलायलाही हात द्यावा लागायचा. मांजराचं काम असेल, असं सगुणा मनाशी म्हणाली. झाकण पुन्हा जागच्या जागी ठेवणारं मांजर तिने कधी पाहिलं होतं, ते तीच जाणे. तिने आमसुलं गोळा करून परत मडक्यात टाकली. संध्याकाळपर्यंत जाळ घातला तरी घेवडा शिजला नाही. म्हाताऱ्याने एक दाणा चावून पाहिला आणि काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने नवा घेवडा चढवला, वर आमसुलं टाकली आणि चुलीपासून हललीच नाही. फक्त डाव घ्यायला वळली. तेवढ्यात आमसुलं पुन्हा काठावर. जमिनीवर पाऊल उमटलेलं नाही, आणि घरात भाजल्या जिऱ्याचा वास सुटलेला. जिरं तर तिने घातलंच नव्हतं. दुसरी कोणी असती तर देवाचं नाव घेत अंगणात पळाली असती. सगुणाला राग आला. "ही आता माझी चूल आहे," ती म्हणाली. आमसुलं आत लोटून तिने झाकण हाताने दाबून धरलं.

मग झाकणाच्या आतून कोणीतरी टिचकी मारली. हलकेच. थोडं थांबून पुन्हा मारली, बंद दारावर शेजारीण मारते तशी. सगुणाने दात आवळून झाकण आणखी दाबलं. त्याही दिवशी घेवडा खड्यासारखा राहिला, आणि म्हाताऱ्याने तर दाणा तोंडातही घेतला नाही.

तिसऱ्या दुपारी ती त्याला पाणी पाजायला गेली, तर त्याची मान उशीवरून उचलेना. डोळे मिटूनच तो बोलायला लागला.

"आत्ता ती इथे बसली होती, सुनबाई. घसा कोरडा पडलाय म्हणते. पेला मिळाला, पण त्यात काहीतरी आंबट भरलंय म्हणते."

करीबाय गेल्यापासून म्हाताऱ्याने अंथरूण सोडलं नव्हतं. पेल्याचं ती कोणाजवळ बोललीही नव्हती. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. ती खाली बसली.

"मामंजी, मी खोटं बोलले. त्यांनी मला शिकवलं नाही. त्या बोलवायच्या, मीच गेले नाही."

"मला कशाला सांगतेस?" म्हातारा म्हणाला. "तिला सांग."

सगुणा चुलीपाशी आली. पेला रिकामा केला, राखेने घासला, काठोकाठ पाण्याने भरून फळीवर ठेवला. मग रिकाम्या चुलीसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "सासूबाई, मला हे येत नाही. मी चुकले. शिकवा मला."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिच्या मनगटावर एक गार, ओला हात आला. दिसत काही नव्हतं. सगुणाने हात काढून घेतला नाही.

रात्री भिजत घातलेल्या घेवड्याचं काळं पाणी ओतायला गेली, तर मनगटावरची पकड घट्ट झाली. घेवडा त्याच पाण्यात चढवायचा होता. कांद्याकडे हात नेला, तर मागे ओढला गेला. आता नुसतं बसायचं होतं. ती बसून राहिली. दाणा बोटांत चुरला जाऊ लागला तेव्हा कुठे त्या हाताने एक कढई पुढे ओढायला लावली. कांदा, लसूण, ढोबळी मिरची, जिरं. मग तो हात तिला मागच्या दारी घेऊन गेला, जिथे ती नाक मुरडून बसायची तिथेच. तिथे पानओवा माजला होता. त्याची भजी सोडून दुसरं काही होतं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. पानं चिरून कढईत पडली, डावभर घेवडा त्यात घोटला आणि सगळं मडक्यात गेलं. मडकं उतरवल्यावर, अगदी शेवटी, हात ईडलिंबाकडे गेला. आंबट होतंच की या कालवणात. पण दाणा मऊ झाल्यावर. आधीच आंबट घालून तीच त्याला शिजू देत नव्हती.

म्हाताऱ्याने पहिला घास घेतला आणि गिळला. मग दुसरा. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तो जेवत होता. सगुणा आत येऊन रडली. फळीवर पाहिलं तर पेल्यातलं पाणी निम्मं झालं होतं.

नवरा परतला तेव्हा बाप अंगणात जाळं विणत बसला होता. त्या दिवशी सगुणाने ताज्या बांगड्यांचं कालवण केलं. आमसुलं हातात घेऊन ती जरा थांबली आणि फळीकडे बघून म्हणाली, "सासूबाई, हे कालवण माझ्या आईचं आहे. यात लागतात हो." तिने ती टाकली, झाकण ठेवलं आणि मुद्दाम पाठ फिरवून उभी राहिली. वळून पाहिलं तेव्हा चुलीचा काठ कोरडा होता.

तात्पर्य: येत नसेल तर येत नाही म्हणावं, आणि शिकवणारा हाक मारतो तेव्हाच त्याच्याजवळ जाऊन बसावं. सगुणासाठी सासू परत आली. सगळ्यांसाठी कोणी परत येत नाही.