तीन ठशांचा रुपया

फार वर्षांमागं, आभाळ कोंदून आलेल्या एका दिवशी, सोनाराच्या मोडीच्या डब्यात चांदीचा एक जुना रुपया पडला होता. बाहेर मूस तापत होती. सोनारानं आपले ठसे ओळखले तर आपण वाचू, एवढीच बिचाऱ्याला आशा.

"किल्ला पडला की जिंकणारा खजिन्यातल्या नाण्यांवर आपली खूण ठोकायचा," तो शेजारच्या जोडव्याला सांगू लागला. "हा चंद्र पहिल्या लढाईचा, ही तलवार दुसरीची, हा सूर्य तिसरीचा. तू मेलं गुळगुळीत! तुला कसली लढाई ठाऊक? मुशीत आधी तूच जा."

तेवढ्यात चिमट्यानं जोडव्यालाच उचललं. जाता जाता ते हळूच म्हणालं, "जाते रे दादा. तुझ्यावर सूर्य ठोकला ना, त्याच सांजेला मला एका नव्या नवरीच्या पायातून उतरवलं होतं."