चौथा उद्गार

“...मग सांगा पाळकसाहेब, बोट ठेवायला कुठं जागा आहे का?”

नथानिएल साळवे छाती फुगवून विचारत होता. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर दुपारी चर्चमध्ये येशूचे क्रुसावरचे सात उद्गार सात जण समजावून सांगतात. त्यातला चौथा सगळ्यांत अवघड. तो मंडळीतल्या एखाद्या जाणत्याकडेच जायचा. यंदा तो नथानिएलकडे आला होता, आणि त्याचं धर्मशिक्षण तर अजून पुरं व्हायचं होतं. गड्याचे पाय जमिनीवर नव्हते.

म्हातारे पाळक शांतवन उजगरे ओसरीवर बसून ऐकत होते. पोराला शास्त्राची गोडी त्यांनीच लावली होती.

“पुन्हा एकदा सांग,” ते म्हणाले.

“‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ का केला? तर जगाचं पाप त्या घडीला पुत्राच्या माथी होतं. बाप पवित्र. त्याला पाप पाहवेना. त्यानं तोंड फिरवलं. पुत्रानं शिक्षा भोगली, आपण सुटलो. संपला प्रश्न!”

“संपला?”

“मुळासकट.”

तेवढ्यात फाटक वाजलं. रिबेकाबाई आत आली. नाताळाआधी तिचा एकुलता एक पोरगा विहिरीत बुडाला, तेव्हापासून ती चर्चची पायरी चढली नव्हती. रडलीही नव्हती.

“पाळकसाहेब, आज चौथं वचन कोण सांगनार?”

“हा नथानिएल.”

“मग ह्यालाच इचारते.” तिनं मान ताठ केली. “देवानं मला का सोडलं रं, बाबा?”

नथानिएलला हेच हवं होतं. त्यानं घसा साफ केला.

“मावशी, त्याचं असं आहे...”

पाळकांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. चांगला पंजा दाबून, दंगेखोर पोराला गप्प करावं तसा. नथानिएलची कानशिलं तापली.

“मला ठाऊक नाही, रिबेका,” पाळक म्हणाले. “तुझं लेकरू गेल्यापासून मी देवाला रोज हेच विचारतोय.”

“...तुमाला बी सांगत न्हाई?”

“नाही.”

ती मटकन खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. पाळक काठी टेकत उठले, तिच्याशेजारी फरशीवर जाऊन बसले.

शेवटी तिनं पदरानं तोंड पुसलं. “घंटा झाली की येते,” म्हणाली, आणि गेली.

नथानिएल उसळला.

“बाई उत्तर मागायला आली होती! तिला तसंच पाठवलंत? जन्मभर पाळक राहून ‘ठाऊक नाही’? अहो, माझ्याकडे उत्तर होतं!”

“असेल. बरोबरही असेल.” पाळक फरशीवरून उठलेच नाहीत. “मला एवढंच सांग. येशूनं आरोळी मारली, तेव्हा वरून काय उत्तर आलं?”

नथानिएलनं तोंड उघडलं. येशूचं चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमानं त्याला पाठ होती. मनातल्या मनात तो ओळी धुंडाळत गेला...

“काहीच नाही,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. “पण मग पाळकसाहेब, मी आज तिथं उभा राहून बोलू काय?”

“वर बाप गप्प होता, पोरा. बोलत होते ते सगळे खाली क्रुसापाशी उभे राहून मजा बघणारे.”