एक बाटली रक्त

“…मग माझीच किडनी का नाही चालली, महाराज?”

तापीकाठच्या मठात सकाळचे साडेसात वाजले होते. प्रश्न विचारणारे वासूनाना हे अचलानंद महाराजांचे पट्टशिष्य, आणि पूर्वाश्रमीचे पाठचे सख्खे भाऊ. असं दुहेरी नातं असल्यावर माणूस थोडा ताठ चालणारच. नाना जरा जास्तच ताठ चालत.

महाराजांच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हा नानांनी भर कीर्तनात उभं राहून जाहीर केलं, की माझी देतो. लोकांनी हार घातले, बायकांनी ओवाळलं. आणि तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, जमत नाही. नानांचं तोंड एवढंसं झालं.

पुढं चार महिन्यांनी, अपघातात गेलेल्या कुणा अनोळखी माणसाची किडनी महाराजांना बसवली. त्याचं नाव-गाव कुणी सांगितलं नाही, तसा नियमच असतो. आणि ती बेटी पहिल्या दिवसापासून कामाला लागली!

नानांना आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण आत काटा सलत होता तो सलतच होता. आज ते ठरवूनच आले होते. उत्तर मिळालं नाही, तर मठ सोडायचा. कपड्यांची पिशवीसुद्धा भरून दाराशी ठेवली होती.

“एका आईच्या पोटचे आपण. तो कोण कुठला तो आपला… आणि मी परका?”

महाराज डोळे मिटून बसले…

तसेच बसून म्हणाले, “ती बाटलीची गोष्ट सांग.”

नानांची कळी खुलली. बारा वर्षांपूर्वी महाराज विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, रक्त थांबेना. तेव्हा नानांनी बाही वर केली आणि आपलं रक्त दिलं. गोष्ट एवढीच. पण नाना ती सुरू करत आदल्या रात्रीच्या पिठल्यापासून, आणि सुईच्या जाडीपाशी आले की थांबून ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. आजही थांबले.

“छान. आजवर किती वेळा सांगितलीस?”

“छे… मोजतंय कोण?”

“दर भंडाऱ्याला?”

“हो…”

“लग्नात?”

“कुणी विषय काढला तर.”

“मयतीत?”

नानांनी वर केलेली बाही खाली ओढली.

मग महाराजांनी डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या कानावर घातलं. आईबापांकडून आलेली जनुकं शरीरातल्या पेशींच्या दारावर पाट्या लावतात म्हणे. अंगातले पहारेकरी त्या वाचून आपलं कोण, परकं कोण ते ठरवतात. दोघा भावांच्या पाट्या निम्म्याच जुळल्या. तेवढ्यावरही गोळ्या घेऊन निभलं असतं. पण नानांच्या उरलेल्या निम्म्या पाट्या बारा वर्षांपूर्वीच त्या बाटलीतून आत आल्या होत्या. पहारेकऱ्यांनी त्या नीट पाहून ठेवल्या आणि तेव्हापासून लाठ्या घेऊन वाट बघत बसले. नानांची किडनी बसवली असती, तर तासाभरात काळी पडली असती. त्या अनोळखी माणसाच्याही सगळ्या पाट्या काही जुळल्या नव्हत्या, पण पहारेकऱ्यांची त्याच्याशी जुनी ओळख नव्हती.

नाना पुढं सरकले. “म्हणजे… मी रक्त दिलं म्हणून?”

“त्यानंच तर वाचलो, वासू… पण माझं रक्त ती बाटली विसरायला तयार नाही. अगदी तुझ्यासारखं.”

नानांचे डोळे भरून आले. किती वर्षांनी तोंडातून ‘दादा’ निघालं. चुकलो, म्हणाले, आणि दाराशी ठेवलेली पिशवी मुकाट्यानं आत नेऊन ठेवली.

घड्याळात आठचे ठोके पडले. नानांनी गोळ्यांची डबी आणि पाण्याचा पेला आणला. ही गोळी म्हणजे पहारेकऱ्यांना दिलेली गुंगी. सकाळ-संध्याकाळ, जन्मभर, वेळ चुकवायची नाही. चुकली, की ते उठलेच लाठ्या घेऊन.

पण नानाच ते. पेला पुढं करता करता छाती पुन्हा वर आली.

“आता त्या बाटलीचं नाव काढणार नाही, महाराज. एकादशीच्या कीर्तनात गावासमोर उभं राहून तशी शपथच घेतो. लोकांनाही कळू दे, अहंकार सोडावा तर कसा.”

गोळी घेतलेला महाराजांचा हात तोंडापाशी थांबला…

त्यांनी तो खाली आणला, आणि गोळी नानांच्या तळहातावर ठेवली.

“आधी तू घे.”